साहेबांना कोण सांगणार?

रोहिणखेड हे माझे गाव. बुलडाण्याची माणसे आपल्या जिल्ह्याचे दोनच भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटाखालचे. मोताळा तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी हे गाव वसले आहे. पाहुण्याला हौसेने फिरवून आणावे असे तिथे फार काही नाही. कोणी फारच आग्रह धरला तर आम्ही त्याला खुदावंदखान महदवीने १५८२ साली बांधलेली मशीद दाखवतो. लहानशीच आहे, पण देखणी आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत मात्र रोहिणखेडचे नाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा लढाईमुळे येते. पहिली लढाई १४३७ ची. खानदेशचा नसीरखान फारुकी बहमनी राज्यावर चालून आला आणि इथे मार खाऊन बुऱ्हाणपूरकडे पळाला. दुसरी १५९१ ची. अहमदनगरच्या गादीवर तेव्हा इस्माईल नावाचा पोर होता आणि त्याच्या नावाने जमालखान कारभार पाहत होता. त्या पोराचाच बाप बुऱ्हाण, खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन गादी मागायला आला. वऱ्हाडातले सरदार आधीच बुऱ्हाणला जाऊन मिळाले होते. रोहिणखेडला गाठ पडली, जमालखान मारला गेला आणि बाप मुलाला बाजूला सारून गादीवर बसला.

शाळेत हे आम्हाला कोणी शिकवले नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर जुने गॅझेटियर चाळताना मी ते वाचले आणि त्या सरदारांच्या वाक्याशी थबकलो. जमालखानाला ते केव्हा कळले असेल? आपली माणसे आता आपली राहिलेली नाहीत, हे त्याला कोणी सांगितले असेल का? की तो डोंगराखाली येऊन उभा राहिला तेव्हाच त्याने मागे वळून पाहिले? ज्याने आयुष्यात कधी तलवार धरली नाही, अशा माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न पडावा याला कारण आहे. मीही तीसएक वर्षे माणसांच्या पुढे उभा होतो आणि मागे वळून पाहायला मला फार उशीर झाला.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात होतो. त्याचे नाव सांगण्याची गरज नाही. मोटारींसाठी पत्र्याचे सुटे भाग आम्ही बनवत असू. डिप्लोमा करून लागलो तो पायरी पायरीने उत्पादन विभागाचा प्रमुख झालो. हाताखाली दोनशे माणसे. हुशार होतो, मेहनती होतो, मालकांचा विश्वास होता. केबिनमध्ये भिंतीवर एक चौकट टांगलेली होती, ‘नेत्याचे दहा गुण’. दूरदृष्टी, निर्णयक्षमता, आत्मविश्वास, वक्तृत्व वगैरे. कुणीतरी दिवाळीची भेट म्हणून दिली होती. आपल्यात त्यातले निदान आठ आहेत, असे माझे प्रामाणिक मत होते.

रोज सकाळी साडेआठला मी सगळ्या फोरमन आणि सेटरना उभ्याउभ्या दहा मिनिटे भेटत असे. भिंतीवर मोठा फळा होता. कालचे उद्दिष्ट किती आणि प्रत्यक्षात माल किती निघाला, ते त्यावर लिहिलेले असे. कमी पडले तर आकडा लाल खडूने लिहायचा. कुणी सांगू लागले, की साहेब, अमुक मशीनचे असे झाले, तर माझे एक ठरलेले वाक्य होते : ‘मला कारणे नकोत, आकडे द्या.’ हे वाक्य मला फार आवडे. ते म्हटल्यावर सगळे गप्प होत, आणि त्या शांततेला मी शिस्त समजत असे.

१९९६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे शंभर टनी पॉवर प्रेस होत्या. ज्यांनी असे मशीन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. खालच्या ठशावर पत्रा ठेवायचा, वरचा ठसा एका दणक्यात खाली येतो आणि पत्र्याला आकार देऊन परत वर जातो. मध्ये हात सापडला तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. म्हणून प्रेसला दोन बटणे असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठसा खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात बटणांवर गुंतलेले, ठशात हात जाण्याचा प्रश्नच नाही. व्यवस्था साधी आणि चोख. पण दोन हातांनी दाबायचे म्हणजे तासाला काही नग कमी पडतात. मग कुणी शहाणा काय करतो, तर एक बटण दाबून त्यात लाकडाची पाचर ठोकतो. आता एका हाताने मशीन चालते आणि दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या सगळ्यांत जुन्या सेटरने सकाळच्या भेटीत विषय काढला होता. तीन नंबरच्या प्रेसचे डावे बटण नीट लागत नाही, पोरे वैतागतात, अर्धा दिवस मशीन बंद ठेवून ते दुरुस्त करून घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना सगळे काका म्हणत. महिन्याअखेर होती, फळ्यावर लाल आकडे होते. मी म्हणालो, ‘काका, तुमचे वय झाले आता. अर्धा दिवस मशीन बंद ठेवायची भाषा निवृत्तीनंतर करा.’ लोक हसले. काकाही हसले. त्यानंतर त्या भेटीत काका काही बोलल्याचे मला आठवत नाही. महत्त्वाचे म्हणजे, ते बोलत नाहीत हे त्या वेळी माझ्या लक्षातही आले नाही. तीन नंबरचे उत्पादन वाढले होते, एवढे मात्र लक्षात आले आणि फळ्यापुढे उभे राहून मी त्याचे कौतुकही केले.

दुसऱ्या पाळीत, रात्री साडेनऊच्या सुमारास फोन आला. मराठवाड्यातून आलेला चोवीस वर्षांचा मुलगा. डाव्या हाताची दोन बोटे, तर्जनी आणि मधले. डाव्या बटणात पाचर होती.

दवाखान्यात गेलो तेव्हा त्याच्या खाटेशी काका बसले होते. मी विचारले, ‘अरे, बटण खराब आहे, पाचर मारून मशीन चालवतो आहोत, हे मला सांगायचे नाही का?’ तो गुंगीत होता, तरी नीट बोलला. म्हणाला, ‘साहेब, सांगून काय झालं असतं?’ आणि त्याने मान काकांकडे वळवली. काका खाली पाहत होते.

चौकशी झाली. कामगाराने सुरक्षेचा नियम मोडून स्वतःच बटणात पाचर ठोकली, सबब निष्काळजीपणा, असा अहवाल तयार झाला. मी त्यावर सही केली. कामगार विम्यातून त्याला मिळायचे ते मिळाले, त्यात अडचण आली नाही. पण ती सही मी केली आहे, हे इथे लिहून ठेवतो.

त्या दिवाळीत गावी गेलो होतो. आई ओट्यावर बसून वाती वळत होती. मी तिला सगळे सांगितले. सांगताना माझा सूर असा, की एवढी दोनशे माणसे, एकालाही येऊन सांगता आले नाही, काय ही माणसे! आईने वाती वळणे थांबवले नाही. म्हणाली, ‘मलेच तुले काही सांगाचं भेव वाटते बाप्पा, मंग त्याइचं काय?’

आईला माझे भय वाटते! मी तिला विचारले, तर तिने यादीच काढली. गेल्या वर्षी विहिरीची मोटर जळाली ते आठ दिवस कळवले नाही, काहून की तू ओरडशील. डोळ्यांना कमी दिसते ते सांगितले नाही, काहून की आधी काहून नाही सांगितले म्हणून ओरडशील. मी घरातही सकाळी साडेआठची भेट घेत होतो तर!

आईला शेगावला जायचे होते, म्हणून तिला घेऊन गेलो. शेगाव आमच्याच जिल्ह्यातले. गजानन महाराजांनी १९१० साली तिथे समाधी घेतली, त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०८ साली, संस्थानची स्थापना झाली होती. मी फारसा देवभोळा नाही. रांगेत उभा राहिलो तो कारखान्यातला माणूस म्हणूनच उभा राहिलो आणि कारखान्यातल्या माणसाच्या नजरेने पाहत राहिलो. एवढी गर्दी, आणि कुठे कागदाचा कपटा नाही. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. जो सेवेकरी भेटेल तो हात जोडतो आणि समोरच्याला, मग तो कोणी का असेना, ‘माऊली’ म्हणतो. ही सगळी माणसे पगारी नव्हेत. गावोगावचे शेतकरी, शिक्षक, दुकानदार ठरावीक दिवस सेवेला येतात, आणि त्यासाठी नाव नोंदवून पाळीची वाट पाहतात. जगात कामाला माणसे मिळत नाहीत म्हणून रड आहे आणि इथे फरशी पुसण्यासाठी माणसे पाळीची वाट पाहतात!

आई पायरीवर टेकली होती. शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ फडके घेऊन फरशी पुसत होते. मी त्यांना विचारले, ‘तुमच्यावर इथे साहेब कोण?’ ते जरा गोंधळले. म्हणाले, काम वाटून देणारे आहेत, पण साहेब असे कोणी नाही. मी माझा खरा प्रश्न विचारला, ‘चूक झाली तर?’ ते म्हणाले, ‘झाली त सांगतो. लपवून कोनाले दाखवाचं हाय इथं?’ आणि फडके पिळून पुढच्या पायरीकडे वळले.

संस्थानचा सारा डोलारा त्या काळी शिवशंकरभाऊ पाटील पाहत होते. व्यवस्थापकीय विश्वस्त हे त्यांचे पद, पण वऱ्हाडात ते नुसते ‘भाऊ’. १९८३ साली संस्थानने शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. दरवर्षी आषाढीला शेगावची पालखी शेकडो किलोमीटर पायी चालत पंढरपूरला जाते, तिची शिस्त पाहायला वाटेवरची गावे थांबतात. एवढा कारभार ज्याच्या हाती, तो माणूस संस्थानच्या चहाचा घोटसुद्धा घेत नाही, असे त्यांच्याबद्दल जिल्हाभर सांगत. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले तेव्हा माझ्या गावात पारावर रात्री उशिरापर्यंत माणसे बसून होती. मी त्यांना त्या दिवशी शेगावला पाहिले नाही. किंवा पाहिले असेल आणि ओळखले नसेल; साध्या पांढऱ्या कपड्यांतल्या, डोक्यावर टोपी असलेल्या त्या गर्दीत साहेब ओळखू येण्याची काही सोयच नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुढे शेगावच्या व्यवस्थापनाचा फार बोलबाला झाला. कारखानदारांच्या मेळाव्यांत त्यावर भाषणे होऊ लागली आणि काही मालकांनी त्यातला त्यांच्या सोयीचा तेवढा भाग उचलला : काम ही सेवा आहे. म्हणजे काय, तर जादा वेळेचे पैसे मागू नका! असे एक भाषण मी स्वतः ऐकले आहे आणि भाषण करणारे गृहस्थ वातानुकूलित मोटारीतून उतरले होते. शेगावचा माणूस आपले घरदार सांभाळून, आपल्या मर्जीने, श्रद्धेने चार दिवस देतो. माझ्या प्रेसवरचा मुलगा पोटासाठी आला होता. त्याच्याकडून सेवा मागण्याचा मला काय अधिकार? शेगावहून न्यायचेच असेल तर वरच्या माणसाने चहा न घेणे न्यावे. ते न्यायला कोणी तयार नसतो.

कारखान्याच्या जगात असे काही होऊ शकते का, याचे उत्तर मला त्या हिवाळ्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात सापडले. माझ्या पिढीतल्या पुष्कळांप्रमाणे माझ्यासाठीही किर्लोस्कर म्हणजे आधी मासिक. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ शेजाऱ्यांकडून फिरत फिरत आमच्या घरी येत आणि आई चुलीपुढे बसून वाचत असे. पण ते मासिक जन्मले कारखान्याच्या कुशीत. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली काढलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात कारखान्याचे वार्तापत्र होते.

लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली, म्हणून ते नोकरी सोडून बेळगावला भावाच्या सायकलच्या दुकानात गेले. तिथे कडबा कापायचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकऱ्यांना वाटे. मग बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

पुढचा उद्योगाचा विस्तार सर्वांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. मला थांबवले ते एका गोष्टीने. ज्याला वरच्याने वाढू दिले नाही, त्या माणसाने स्वतः वरचा झाल्यावर दुसऱ्याची वाढ अडवली नाही. नेहमी उलटे होते. सासूचा छळ सोसलेली सून सासू झाली की काय करते ते आपण पाहतोच. लक्ष्मणरावांचे सुरुवातीचे सोबती, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, हे काही मोठ्या पदव्या घेऊन आलेले नव्हते. त्या माळावर काम करता करता ते घडले. आणि तुरुंगाची हवा खाऊन आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कशावर नेमले, तर रात्रीच्या पहाऱ्यावर! मी पुन्हा पुन्हा ते वाचले. कारण माझ्याकडे दोनशे सरळमार्गी माणसे होती आणि त्यांतल्या एकावरही बटण दुरुस्त करायला अर्धा दिवस मागण्याइतका विश्वास मी टाकला नव्हता.

परत आल्यावर मी मोठ्या उत्साहाने सुधारणेला लागलो. आधी ‘दहा गुण’ भिंतीवरून उतरवले. लाल खडू बंद केला. सूचनापेटी लावली आणि नाव न लिहिता काहीही लिहा, असे जाहीर केले. तीन महिने पेटी रिकामी. चौथ्या महिन्यात एक चिठ्ठी निघाली. वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘दुसऱ्या पाळीला संडासात पाणी नसते.’

खरे सांगतो, मी चिडलो. मी उत्पादन, गुणवत्ता, सुरक्षा या मोठ्या गोष्टींची वाट पाहत होतो आणि हे काय? पण त्या रात्री दहा वाजता कारखान्यात जाऊन पाहिले. खरोखरच पाणी नव्हते. संध्याकाळी टाकी रिकामी होई आणि पंप चालवणारा माणूस पहिल्या पाळीबरोबर घरी जाई. किती वर्षे हे चालले होते? बहुधा कारखाना दोन पाळ्यांत चालू लागला तेव्हापासून. आठ दिवसांत पाणी आले. पुढच्या महिन्यात पेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यांत दोन मशीनबद्दल होत्या.

त्या काळी जपानच्या टोयोटा कारखान्यातल्या दोरीची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगत. मोटारी जोडणाऱ्या रांगेच्या वर एक दोरी टांगलेली असते आणि काही बिघडलेले दिसले तर कोणताही कामगार ती ओढू शकतो. मुकादम धावत येतो आणि चटकन निस्तरले नाही तर सगळी रांग थांबते. आम्हीही दोरी बांधली. सुरेख पिवळी, नायलॉनची. सहा महिने कोणी ओढली नाही. पाहुणे आले की आम्ही ती दाखवत असू.

एके दिवशी एका हेल्परने ती ओढली. नवाच मुलगा होता, तीन आठवड्यांचा. रांग थांबली. मी केबिनमधून निघालो तेव्हा आजूबाजूच्या पन्नास माणसांनी काम थांबवले होते आणि ती सगळी मुलाकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती. मुलगा म्हणाला, मशीनचा आवाज वेगळा येतो आहे. उघडून पाहिले. चाळीस मिनिटे गेली. काही निघाले नाही. मशीन ठणठणीत होते. त्या दिवशी माल वेळेवर जायचा होता, ट्रक दारात उभा होता.

माझ्या तोंडात काय काय आले होते ते इथे छापता येणार नाही. मी ते गिळले आणि म्हणालो, ‘बरे केलेस. शंका आली की ओढायची.’ हे मी मनापासून म्हटले नव्हते, दात आवळून म्हटले होते. पण म्हटले. त्यानंतर दोरी महिन्यातून सात-आठ वेळा ओढली जाऊ लागली. आता मला वाटते, पहिल्या खेपेला काहीच निघाले नाही हे फार बरे झाले. बिघाड सापडला असता तर शाबासकी कोणीही दिली असती.

वर्षाअखेर मालकांनी मला बोलावले. तुमच्या विभागात बिघाड वाढले आहेत, असे त्यांच्यापुढच्या कागदावर दिसत होते. मी म्हणालो, वाढलेले नाहीत, कळू लागले आहेत. त्यांना ते पटले असे मला वाटले नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलीने, ती एका रुग्णालयात काम करते, मला एक संशोधन सांगितले तेव्हा मी चाट पडलो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन या प्राध्यापक बाईंनी १९९६ साली ते प्रसिद्ध केले, म्हणजे आमच्याकडे अपघात झाला त्याच वर्षी. रुग्णालयांतल्या कोणत्या गटांकडून औषधे देताना चुका कमी होतात, हे त्या पाहत होत्या. एकोप्याने काम करणाऱ्या, चांगली प्रमुख लाभलेल्या गटांत चुका कमी असतील, अशी त्यांची अटकळ. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या गटांत चुका जास्त! अधिक शोध घेतल्यावर उलगडा झाला. तिथल्या परिचारिका आपल्या चुका सांगत होत्या. जिथे प्रमुखाचा धाक होता तिथल्या चुका कागदावर येतच नव्हत्या. त्या रोग्याच्या अंगात जात होत्या.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. बरा होऊन आल्यावर त्याला प्रेसवर पाठवणे शक्य नव्हते. आधी भांडारात बसवले. तिथे तो रिकाम्या वेळात ड्रॉइंगे उलगडून बघत बसे, असे काकांनी मला एकदा सांगितले. (काका पुन्हा बोलू लागले होते. त्यासाठी मला एका सकाळी फळ्यापुढे उभे राहून सगळ्यांच्या देखत त्यांची माफी मागावी लागली. ती मागायला मी आठ महिने लावले.) मग त्याला संध्याकाळच्या वर्गाला घातले आणि तपासणी विभागात घेतले. सुरुवातीला चुका केल्या, एकदा चांगला माल नाकारून मोठी पंचाईत केली. पण शिकला. पुढे तो त्या विभागाचा प्रमुख झाला आणि त्याच्या सहीशिवाय कारखान्याबाहेर एक नग जात नसे. मी निवृत्त झालो त्या दिवशी निरोपाच्या भाषणात मी त्याचा उल्लेख केला. आपल्या हातून एक तरी माणूस घडला, असे काहीतरी म्हणालो. टाळ्याही पडल्या.

२०१८ साली त्याच्या मुलीचे लग्न होते. अगत्याने बोलावले, म्हणून मी रोहिणखेडहून गेलो. मोठा मांडव होता, कारखान्यातली जुनी माणसे भेटली. पंगतीत तो स्वतः आग्रह करत फिरत होता. माझ्यापाशी आला, ताटात जिलेबी वाढली आणि तिथेच टेकला. डाव्या हाताची उरलेली बोटे गुडघ्यावर. जरा वेळ इकडचे तिकडचे झाले. मग एकदम म्हणाला, ‘साहेब, एक सांगू का? ती पाचर मी नव्हती मारली.’

माझा घास हातातच राहिला. बावीस वर्षे! त्या अहवालावर माझी सही होती आणि या माणसाबरोबर मी त्यानंतर अठरा वर्षे रोज काम केले होते. पेटी होती, दोरी होती, माफी मागून झाली होती.

‘मग कोणी मारली?’ मी विचारले.

‘जाऊ द्या. ते आता नाहीत,’ तो म्हणाला. ‘माझ्याच सोयीसाठी मारली होती त्यांनी. तुमचा फळा होता ना.’

आणि पुढच्या ताटाकडे वळण्याआधी त्याने मला आणखी एक जिलेबी वाढली.